येसकराची काठी

मित्रांनो, आधी माझा गुन्हा सांगतो. बाकीच्यांचे मग काढू.

२०२५ चा जून. आम्ही सहाजण भंडारदऱ्याला गेलो होतो, काजवे बघायला. हल्ली काजवे बघायलासुद्धा मुंबई-पुण्याहून गाड्यांची रांग लागते. त्या साली पाऊस मे महिन्यातच उतरला होता, त्यानं निम्मे काजवे झोडपून काढलेले. तरी एखादं झाड असं पेटायचं-विझायचं की बघत राहावं. पण मी निसर्गवर्णन करायला बसलेलो नाही. ते करणारे पुष्कळ आहेत, त्यांच्या दिवाळी अंकांना जाहिरातीही मिळतात.

शेंडीच्या पुढं, जलाशयाच्या काठाला एका तंबूवाल्याकडं उतरलो. रात्री जेवण वाढायला दोन पोरं होती. एक पंचविशीतला, दुसरा अठरा-एकोणीसचा. हिंदी बोलायचे, पण जिभेला बंगाली वळण. आमच्यातला एकजण म्हणाला, "बांगलादेशी दिसतायत साले." सगळे हसलो. मीही हसलो. त्या दिवसांत मोबाईल उघडला की तेच. आज इथं इतके पकडले, उद्या तिथं तितके. मला काय सुचलं कोण जाणे. पोटात थोडी गेलेली होती, पण दोष तिचा नाही. मी मोठ्याला हाक मारली, "ए, इधर आ. आधार कार्ड दिखा."

मी कोण? पोलीस नाही, तहसीलदार नाही. विक्रोळीत राहणारा, कुरिअर कंपनीत कंत्राटावर राबणारा, मोबाईलवर बाबासाहेबांचा फोटो लावणारा एक पोरगा. पण त्या क्षणी माझ्या आवाजात पाटील उतरला होता. त्या माणसानं हात पुसले, तंबूत गेला, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं कार्ड घेऊन आला. सवय असल्यासारखा. मालक बाजूला खुर्ची टाकून बसला होता, तो मजा बघत होता. धाकटा पोरगा हातातलं भांडं खाली ठेवून मागच्या अंधारात गेला, तो आमचं जेवण उरकेपर्यंत आलाच नाही.

कार्डावर जिल्हा उत्तर चोवीस परगणा, राज्य पश्चिम बंगाल. एवढ्यावर थांबायला हवं होतं. थांबलो नाही. "जात कौनसी?" हेही विचारलं. होय, जात विचारली. बाबासाहेबांचा फोटो खिशात ठेवून विचारली. तो म्हणाला, "दादा, हम नमोशूद्र हैं."

शब्द कुठंतरी वाचलेला. रात्री तंबूत पडल्या पडल्या आठवलं आणि झोपच उडाली.

१९४६ साली घटना समितीच्या निवडणुका झाल्या. मुंबई प्रांतातून बाबासाहेबांना वाट नव्हती, काँग्रेसनं दारं लावून घेतली होती. आपल्या या मराठी मुलखानं आपल्या बापाला घटना समितीवर पाठवलं नाही. पाठवलं बंगालनं. जोगेंद्रनाथ मंडल आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे तिथले लोक छातीचा कोट करून उभे राहिले म्हणून बाबासाहेब निवडून आले. हे जोगेंद्रनाथ जातीनं नमोशूद्र, राहणारे बारिसालकडचे. बारिसाल आज बांगलादेशात आहे. म्हणजे ज्या घटनेच्या नावानं आपण शपथा घेतो, तिच्या दारापर्यंत बाबासाहेबांना नेणारी माणसं त्याच मातीतली, जिचं नाव आपण हल्ली शिवीसारखं वापरतो.

फाळणी झाली, आणि या नमोशूद्रांच्या नशिबी निर्वासितांचे कॅम्प आले. कित्येकांना उचलून दंडकारण्यात टाकलं. आपल्या गडचिरोलीत चामोर्शी-मुलचेऱ्याकडं त्यांच्या वसाहती आजही आहेत, घरात बंगाली बोलतात. दंडकारण्यातून काही हजार लोक कंटाळून परत बंगालला गेले, सुंदरबनातल्या मरीचझांपी बेटावर झोपड्या बांधून राहिले. १९७९ साली तिथल्या डाव्या सरकारच्या पोलिसांनी बेटाला वेढा घातला, अन्नपाणी तोडलं, गोळ्या घातल्या, लोकांना उठवून लावलं. सरकार बंगाली, निर्वासित बंगाली. सरकार कामगारांचं म्हणवणारं, निर्वासित मजूर. भाषा एक होती, तिचा काय उपयोग झाला ते विचारा.

सकाळी उठून मी त्या माणसाची माफी मागायला गेलो. तोंडातून निघाली नाही. इकडचं तिकडचं बोललो, नंबर दिला-घेतला, काही लागलं तर फोन कर म्हणालो. धाकट्याबद्दल विचारलं तर कळलं, तो मुर्शिदाबादचा, मुसलमान. कार्ड त्याच्याकडंही होतं. तरी तो पळाला. आणि माझ्या मनात तेव्हा काय चाललं होतं तेही लिहितो, कारण ते लिहिलं नाही तर या सगळ्या लिहिण्याला काय अर्थ? मनात चाललं होतं, बरं झालं, मोठा तरी आपल्यातलाच निघाला, त्याच्यापुरती लाज वाटून घेऊ. म्हणजे लाज वाटायलासुद्धा मला समोरच्याची जात लागते! तो अंधारात जाऊन बसलेला पोरगा माझ्या हिशेबात नव्हताच.

घरी येऊन हे आजीला सांगितलं. आजी राजूरकडची. १९७२ च्या दुष्काळात आजा तिला घेऊन गाव सोडून मुंबईला आला. ऐंशीला टेकलीय, पण कान शाबूत. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली,

"आरं, मंग तुझ्या पणज्याचंच काम करून आला की तू."

"कसलं काम?"

"येसकरी. माझा सासरा येशीत बसायचा, हातात काठी. गावात नवं मानूस दिसलं का पाटलाला जाऊन वर्दी द्यायची. कोन हाये, कुठला हाये, कशापायी आला. न्हाय दिली तर पाटील ह्यालाच झोडायचा. आन् सांजच्याला त्याच गावात भाकर मागत फिरायचं. तू तर फुकटच करून आला. भाकरबी न्हाय मिळाली तुला."

मित्रांनो, म्हातारीनं एवढी सणसणीत कानफटात माझ्या उभ्या आयुष्यात दिली नव्हती.

आपल्यापैकी किती जणांना हे माहीत आहे? महारकी म्हटलं की आपल्याला मेलेलं ढोर ओढणं आठवतं, मर्तिकाचा सांगावा घेऊन दहा कोस पळणं आठवतं. पण वतनाच्या कामांत हेही एक काम होतं. गावाची शीव राखायची, शिवेच्या भांडणात साक्ष द्यायची, वेशीवर पाळीपाळीनं पहारा करायचा, परका माणूस दिसला की वर्दी द्यायची. डोकं बघा या व्यवस्थेचं! ज्याला वेशीच्या आत घर बांधू द्यायचं नाही, त्यालाच वेशीवर राखण बसवायची. ज्याला गाव आपला मानत नाही, त्यानंच ठरवायचं परका कोण. काठी त्याच्या हातात, पण काठीची मालकी पाटलाकडं. इंग्रजानं हे मोडलं नाही, उलट १८७४ च्या वतन कायद्यात बांधून पक्कं केलं. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबईच्या कौन्सिलात या वतनाविरुद्ध बिल आणलं तेव्हा आपल्यातलेच काही वतनदार बिथरले होते. वतन हातचं जातं म्हणून! कायद्यानं वतन गेलं ते १९५८ साली, बाबासाहेबांच्या मागं. आणि आज आम्ही शिकलेले, जीन्स घातलेले नातू स्वखुशीनं वेशीवर जाऊन उभे राहतो. काठीऐवजी मोबाईल. पाटलाऐवजी पक्ष.

आता भूमिपुत्र या शब्दाकडं वळतो. भूमीचा पुत्र. लेको, आधी सातबारा दाखवा. आपल्यातल्या किती जणांच्या बापाच्या नावावर भूमी आहे? ज्याला भूमीच नाही तो तिचा पुत्र कुठून झाला? हा शब्द ज्यांच्याकडं भूमी आहे त्यांनी, ज्यांच्याकडं नाही त्यांच्या तोंडात, ज्यांच्याकडं त्याहूनही काही नाही त्यांच्याविरुद्ध घातलेला आहे.

१९६६ साल बघा. जूनमध्ये मुंबईत शिवसेना निघाली, निशाणीला वाघ. त्याच साली ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत ओकलंडला काळ्या पोरांनी ब्लॅक पँथर काढली. दोन्हीकडं बेकार पोरंच होती. तिकडच्यांनी गोऱ्या सत्तेला जाब विचारला. इकडच्यांना 'मार्मिक'मधून कचेऱ्यांतल्या मद्राशांच्या नावांच्या याद्या वाचायला दिल्या आणि 'हटाव लुंगी, बजाव पुंगी' शिकवलं. यादी साहेबलोकांची, मार मात्र इडलीवाल्याला. धारावीत तिरुनेलवेलीहून आलेले आदिद्रविड राहत होते, तेही लुंगीवालेच. ते आपलेच होते हे तेव्हा आपल्याला कोणी सांगितलं? सहा वर्षांनी, १९७२ ला, आपल्या पोरांनी नाव घेतलं ते ओकलंडचं, वाघाचं नाही. ते का, हे विसरू नका.

आणि ज्यांनी आपल्याला 'मराठी बांधव' म्हटलं त्यांनी जानेवारी १९७४ ला वरळीच्या बीडीडी चाळींत काय केलं? १० जानेवारीला मोर्चावर वरून टाकलेल्या दगडानं भागवत जाधव गेला. दगड टाकणाऱ्यानं शिवी हासडली असेल तर ती शुद्ध मराठीतच हासडली असेल. आमच्या आजोबा-पणजोबांना गिरणीत विणकाम खात्यात शिरू देत नव्हते, का, तर धोट्याचा धागा तोंडानं ओढावा लागतो, महारानं उष्टावलेला धागा चालायचा नाही. हे न चालणारे मराठीच होते. आणि याच नगर जिल्ह्यात, आता त्याचं नाव अहिल्यानगर झालंय, खर्ड्याला २०१४ साली नितीन आगे या शाळकरी पोराला मारून झाडाला टांगला. पोरगा मराठी, आरोपीही मराठी.

हे वाचून कोणी म्हणेल, हा मराठीचा द्वेष्टा आहे. नाही बाबा. हिंदी सक्तीचा जीआर सरकारला २९ जून २०२५ ला मागं घ्यावा लागला, ते बरंच झालं. दिल्लीची भाषा लहान पोरांच्या डोक्यावर लादू नये. पण सरकारशी भांडायचं ते सरकारशी भांडा. त्याच आठवड्यात मीरा रोडला दुकानदाराच्या थोबाडीत मारून मराठी कितीशी वाढली? मराठी पाहिजे तर हायकोर्टात आणा, मेडिकल कॉलेजात आणा. तिथं कोणाच्या थोबाडीत मारायची हिंमत होत नाही, मग फरसाणवाला सापडतो.

यांचा हात सुटला की तो कोणावर पडेल याचा भरवसा नसतो. फेब्रुवारी २००८ मध्ये मनसेच्या आंदोलनात नाशिकच्या कारखान्यांतून उत्तरेकडचे हजारो मजूर जीव मुठीत घेऊन पळाले. बसवर झालेल्या दगडफेकीत मेला कोण? हिंदुस्थान एरोनॉटिक्समधला मराठी कामगार. दगडाला भाषा कळत नाही.

आणि राईनपाडा. राईनपाडा विसरलात का रे? धुळे जिल्हा, साक्री तालुका, १ जुलै २०१८. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, मंगळवेढ्याकडचे, भिक्षा मागत आलेले. आठवडी बाजाराचा दिवस. व्हॉट्सअॅपवर आधीच आवई उठलेली की पोरं पळवणारी टोळी फिरतेय. लोकांनी त्यांना धरलं, मारत मारत ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि तिथं ठेचून ठार केलं. पाचही. ते मराठी बोलत होते. महाराष्ट्रात जन्मलेले होते. त्यांच्या कैक पिढ्यांनी याच मुलखातली गावं पायाखाली घातली होती. पण पायाखाली घालणं म्हणजे मालकी नव्हे. मारणारेही गरीबच, आडवळणाच्या गावचे, त्यांनाही शहरात गेलं की कोणीतरी परकाच म्हणत असणार. मी त्या राईनपाड्याचा विचार करतो तेव्हा मला ती गर्दी दिसत नाही, गर्दीतला पहिला माणूस दिसतो. ज्यानं पहिल्यांदा विचारलं असेल, कुठले रे तुम्ही? कागद दाखवा. मी भंडारदऱ्याला तेच विचारलं होतं. माझ्यामागं पाचजण होते, त्यांच्यामागं हजार असते तर?

वंशद्वेष म्हटलं की आपल्याला गोरा-काळा आठवतो. आपल्याकडं तो नाकाडोळ्यांवरून चालतो, जिभेवरून चालतो, दाढीवरून चालतो. २०१४ साली दिल्लीत अरुणाचलच्या नीडो तानिया या पोराच्या केसांवरून चेष्टा झाली, मारामारी झाली, पोरगा मेला. त्याआधी ऑगस्ट २०१२ मध्ये अफवांना भिऊन ईशान्येकडची पोरं बंगळूरहून आणि आपल्या पुण्याहूनही गाड्या भरभरून घरी पळाली होती. विद्येचं माहेरघर म्हणे!

आता हे गल्लीतलं राहिलं नाही, दिल्लीच्या गादीवर जाऊन बसलंय. भाजपचे तेव्हाचे अध्यक्ष अमित शहा यांनी २०१८-१९ च्या प्रचारसभांतून घुसखोरांना 'दीमक' म्हटलं. वाळवी. माणसाला किडा म्हणायचं, मग किड्याला मारताना हात थरथरत नाही. रवांडात १९९४ साली रेडिओवरून तुत्सींना झुरळं म्हणत होते. आपल्याला तर हे नवं नकोच सांगायला, किड्याहून हलकं जगणं आपल्या बापजाद्यांनी जगलंय. आसामात ३१ ऑगस्ट २०१९ ला नागरिकांची यादी निघाली, एकोणीस लाख माणसं यादीबाहेर. त्याच डिसेंबरात नागरिकत्वाला धर्माची चाळणी लावणारा कायदा आला. आणि २०२५ च्या जूनमध्ये, म्हणजे मी काजवे बघत होतो त्याच महिन्यात, मीरा रोडला राहणाऱ्या, मुर्शिदाबादहून आलेल्या एका गवंड्याला बांगलादेशी ठरवून सीमेपलीकडं ढकललं. कागद होते. बंगाल सरकार मध्ये पडलं तेव्हा त्याला परत आणलं. तो धाकटा पोरगा अंधारात का गेला, हे मला ही बातमी वाचल्यावर कळलं. कागद असून काय उपयोग?

त्याच साली ५ फेब्रुवारीला अमेरिकेचं लष्करी विमान अमृतसरला उतरलं होतं. आत १०४ भारतीय, हातापायांत बेड्या. त्यात तिघं महाराष्ट्रातले. केवढा संताप झाला तेव्हा! व्हायलाच हवा होता. पण त्या बेड्यांवर रडलेले डोळे मीरा रोडच्या गवंड्यासाठी ओले झाले का? तिकडं आपला माणूस म्हणजे पोटासाठी गेलेला बिचारा, इकडं दुसऱ्याचा म्हणजे घुसखोर. (आणखी एक गंमत. अमेरिकेत वर्णद्वेषाविरुद्ध गळा काढणारे आपले पुष्कळ सवर्ण अनिवासी भाऊ २०२३ साली कॅलिफोर्नियात जातिभेदाविरुद्धचा कायदा येऊ लागला तेव्हा तो अडवायला धावले. गव्हर्नरनं शेवटी तो परत पाठवला. आपल्या पाठीवरचा वळ मोठा, दुसऱ्याच्या पाठीवरचा दिसतच नाही.)

बाबासाहेबांनी आपल्या अस्पृश्यतेच्या आठवणी इंग्रजीत लिहिल्या, त्यांना नाव काय दिलं माहीत आहे? मराठीत सांगायचं तर 'व्हिसाची वाट पाहताना'. स्वतःच्या देशात राहणाऱ्या माणसाला व्हिसा कशाला? तर त्यांना कळलं होतं की अस्पृश्य म्हणजे आपल्याच मुलखात कागद नसलेला माणूस. १९१७ साली बडोद्याला नोकरीवर गेले, कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले. शहरात कोणी खोली दिली नाही. पारशांच्या धर्मशाळेत पारशी नाव सांगून राहिले. एक दिवस काठ्या घेऊन डझनभर माणसं दारात आली, तू कोण, म्हणून. संध्याकाळपर्यंत निघ. दारात काठी घेऊन उभं राहून 'तू कोण' विचारणं, हेच ते. पुढं घटनेच्या पंधराव्या कलमात ते एका ओळीत आलं: धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान. वंश आणि जन्मस्थान हे जातीच्या मांडीला मांडी लावून बसवलेत. त्यातली जात तेवढी आपली म्हणून घ्यायची आणि जन्मस्थान दुसऱ्यानं बघावं, असं चालायचं नाही.

आता पोटाचा प्रश्न. तो टाळून चालणार नाही, कारण आपली पोरं तिथंच फसतात. "अरे पण हे लोक आपलं काम खातात ना?" खातात का, ते भंडारदऱ्यालाच बघू.

धरणाचं काम १९१० ला सुरू झालं, १९२६ च्या डिसेंबरात मुंबईच्या गव्हर्नरानं, लेस्ली विल्सननं उद्घाटन केलं. धरणाला दिलं विल्सनचं नाव, जलाशयाला आर्थर हिलचं. सगळ्यात लांबून आलेले परके हे, यांना कोणी कागद विचारले नाहीत. बुडाली ती डोंगरातल्यांची जमीन. अकरा टीएमसी पाणी प्रवरेतून खाली गेलं, कालव्यांतून उसाला गेलं, साखर कारखाने उभे राहिले, त्यातून राजकारण उभं राहिलं. आणि धरणाच्या वरच्या अंगाला, पावसाळ्यात आभाळ फाटतं त्या मुलखात, उन्हाळ्यात बाया हंडे घेऊन डोंगर उतरतात. काम नसतं म्हणून अकोले तालुक्यातले ठाकर-महादेव कोळी नारायणगावच्या मजूर अड्ड्यावर जाऊन उभे राहतात. तिथं ते परगावचे. शेंडी-भंडारदऱ्याच्या त्यांच्या पोरांना आज सांगितलं जातं की तुमच्या नोकऱ्या बंगाल्यांनी खाल्ल्या. जमीन पाण्यानं खाल्ली, पाणी उसानं खाल्लं, आणि चोर ठरला ताटं विसळणारा! जलाशयाकाठी बंगला बांधायला येतो तो शेठ, आणि त्या बंगल्यात मोरी घासायला येतो तो घुसखोर.

मालक बाहेरची पोरं का ठेवतो? ती गोड दिसतात म्हणून? ती जागेवरच झोपतात, चोवीस तास हाताशी असतात, सणाला घरी जात नाहीत, युनियन करत नाहीत आणि पगार बुडवला तर जायचं कुठं हे त्यांना ठाऊक नसतं. त्यांची ही भीती हीच त्यांची स्वस्ताई. ती भीती जितकी वाढवाल तितका मजूर स्वस्त होणार आणि तितकी गावची पोरं कामावरून आणखी लांब जाणार. हे मला पुस्तकात वाचून कळलं नाही. फोनवर कळलं.

जुलैच्या शेवटी त्या मोठ्या पोराचा फोन आला. तंबूंचा सीझन संपला होता, दोघांचे तीन-तीन महिन्यांचे पगार मालकाकडं अडकले होते. मागायला गेले तर मालक म्हणाला, "ज्यादा बोलेगा तो पुलिस को फोन करता हूँ, बांगलादेशी बोल के." फोनवर तो शांतपणे सांगत होता. त्यानं मला दोष दिला नाही. पण त्या रात्री खुर्ची टाकून मजा बघत बसलेला मालक मला डोळ्यांसमोर दिसत होता. ती युक्ती त्याला मी शिकवली होती. फुकटात. म्हातारी म्हणाली तसं, भाकरसुद्धा न घेता.

कायदा नको का, असं विचारणारे विचारतील. देशाला सीमा असते, मान्य. कोणावर संशय असेल तर कोर्ट आहे, तिथं न्या, वकील द्या, त्याचं म्हणणं ऐका. पण ते काम तुमचं-माझं नाही, मंडळाच्या पोरांचं नाही, आणि निवडणुकीच्या तोंडावर जागा होणाऱ्या पुढाऱ्याचं तर नाहीच. ८ मे २०२० ला लॉकडाऊनमध्ये जालन्याच्या लोखंडाच्या कारखान्यातून मध्य प्रदेशात घरी चाललेले सोळा मजूर करमाडजवळ रुळांवर झोपले आणि मालगाडीखाली गेले. बहुतेक आदिवासी होते. रुळांवर त्यांच्या भाकऱ्या पडलेल्या सगळ्या देशानं बघितल्या. त्यांना त्यांचं नागरिकत्व कोणी विचारलं नव्हतं, जालन्याचं लोखंड ओतून घेताना तर नाहीच नाही. माझा आजा १९७२ ला कसाऱ्याचा घाट उतरून मुंबईत आला तेव्हा त्याच्याकडं काय कागद होते? एक गोधडी आणि एक पत्ता. अण्णाभाऊ साठे तर वाटेगावाहून मुंबईला चालत आले. या शहरात आपण सगळे असेच शिरलो. पाणी भरून, बोजे वाहून, गटारं उपसून शिरलो, तेव्हाही कोणीतरी दारात काठी घेऊन होताच.

तर काम असं आहे. येत्या रविवारी आम्ही पाचजण शेंडीला जातोय. सहापैकी एकजण येत नाही म्हणाला, "मुसलमानासाठी कशाला?" त्याच्याशी भांडण चालू आहे, संपलेलं नाही. दोघांच्या हजेरीचे दिवस त्यांनी वहीत लिहून ठेवलेत, त्याची झेरॉक्स आमच्याकडं आहे. आधी मालकाशी बोलणार, नाही ऐकलं तर कामगार खात्यात अर्ज, तो लिहून तयार आहे. राजूरची तीन-चार आदिवासी पोरं तिथं भेटणार आहेत. त्यांच्यातल्या दोघांचे पैसे त्याच मालकाकडं गेल्या सीझनपासून अडकलेत, हे त्यांना विचारल्यावर कळलं. सकाळची पहिली कसारा लोकल, मागून तिसरा डबा. कसाऱ्याहून जीपनं घोटी, घोटीहून शेंडी. धाकटा पोरगा त्या दिवशी समोर येईल की नाही, मला माहीत नाही. आजीनं विचारलं, "त्याला काय म्हननार तू?" मी अजून ठरवलेलं नाही.

सहाव्याची जागा रिकामी आहे. येणाऱ्यानं आपली भाकर बांधून आणावी.